एकच पान सोबत न्यायचंय : तुमच्या संग्रहातलं सगळ्यात लाडकं मूळ चित्र कोणतं?

कवटीगुहेकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

बदली झाली. पुण्याहून थेट कोची. कंपनीने दिलेला फ्लॅट पाण्याच्या काठावर आहे, फोटोत झकास दिसतो, आणि सामान लावून होतंय तोवर कपाटातल्या चामडी पट्ट्यावर बुरशी. त्यामुळे माझी कॉमिक्सची मूळ चित्रं (छापील अंक नव्हे, चित्रकाराने स्वतः शाईने काढलेले, ज्यांच्यावरून पुढे छपाई झाली ते कागद) सगळी भावाकडे पुण्यातच राहणार. सोबत एकच न्यायचं असं ठरवलंय. आणि तिथेच घोडं अडलंय.

पार्श्वभूमी सांगतो. मी सांगलीचा. लहानपणी एका किराणा दुकानात इंद्रजाल कॉमिक्स भाड्याने मिळायची, मराठीतून. वेताळ (म्हणजे फँटम), जादूगार मॅन्ड्रेक, फ्लॅश गॉर्डन, नंतर आपला बहादूर. १९६४ साली सुरू झालेली ही मालिका १९९० मध्ये बंद पडली, तेव्हा मी कॉलेजात होतो आणि वेताळ वाचतो हे चारचौघांत सांगायची लाज वाटण्याच्या वयात होतो. नोकरी लागल्यावर ती लाज गेली. मग कळलं की वेताळाच्या अमेरिकेतल्या रोजच्या वर्तमानपत्री पट्ट्यांची मूळ चित्रं चक्क विकत मिळतात. पहिली पट्टी घेतली ती एका मित्राच्या हाती मागवून. तेव्हापासून हे व्यसन आहे.

उमेदवार तीन :

एक, वेताळाचा चित्रकार साय बॅरी याच्या काळातली पट्टी. कवटीच्या गुहेतलं सिंहासन, त्यावर वेताळ, मागे मशाली. घरी येणारा प्रत्येक माणूस हिच्यापाशीच थांबतो.

दोन, फ्रेड फ्रेडरिक्सची मॅन्ड्रेकची पट्टी. तिन्ही चौकटींत मॅन्ड्रेक फोनवर बोलतोय. जादू शून्य. त्याचा साथीदार लोथार दारात उभा. बायको म्हणते, हे तर टेलिफोन खात्याच्या जाहिरातीसारखं आहे.

तीन, एका मराठी चित्रकथेचं पान. सही नाही, अंकाचं नाव नाही. लकडी पुलाजवळ जुन्या पुस्तकांच्या ढिगात सापडलं. घोडेस्वार नदी ओलांडतायत. रेषा अशी की मी अजून तिच्यातून बाहेर आलेलो नाही.

तुम्ही कसं निवडता? किंमत, पात्र, चित्रकार, आठवण, की आणखी काही? प्रत्येकाने आपलं एकच लाडकं सांगा आणि ते का, हेही सांगा. 'सगळीच आवडतात' असं लिहिणाऱ्याला प्रतिसाद मिळणार नाही.

---

एडिसनचा बंड्या

कवटीगुहेकर, सिंहासनवाली पट्टी नेऊ नका. कारण सांगतो, थोडं लांबण लागेल.

मी न्यू जर्सीत राहतो आणि वेताळाच्या पट्ट्यांपलीकडे काही घेत नाही. इथल्या बाजाराचा हिशोब सरळ आहे : वेताळ पोशाखात आहे का? किती चौकटींत? मारामारी आहे का? अंगठीचा ठसा उमटतोय का? घोडा? गुहा? प्रत्येक 'हो'ला भाव चढतो. पोशाख नसलेली पट्टी बरीच स्वस्तात मिळते, आणि आमच्यासारख्या पगारदारांचं पोट त्यावरच भरतं.

माझं लाडकं चित्र तसलंच आहे. सत्तरच्या दशकातली पट्टी. वेताळ जंगल सोडून शहरात आलाय, म्हणजे मिस्टर वॉकर झालाय. डोक्यावर हॅट, डोळ्यांवर काळा चष्मा, अंगात तो चौकड्यांचा लांब ओव्हरकोट. इंद्रजाल वाचलेल्या कोणालाही तो कोट आठवेल. आता विचार करा, रोज तीन चौकटी, आठवड्याचे सहा दिवस, वर रविवारचं मोठं पान वेगळं, आणि हिरोच्या अंगात चौकड्यांचा कोट! ज्याने कोणी हा कोट ठरवला त्याने पुढच्या चित्रकारांचं अख्खं आयुष्य नासवलं.

माझ्या पट्टीत पहिल्या चौकटीत कोटाच्या रेघा कापडाच्या चुण्यांबरोबर वळतात. कोपराशी जवळ येतात, पाठीवर फाकतात. दुसऱ्या चौकटीत वॉकर टॅक्सीत बसलाय, म्हणून निम्मा कोट खिडकीच्या चौकटीआड घालून काम वाचवलंय. तिसऱ्या चौकटीत वॉकर हॉटेलच्या पायऱ्या चढतोय, लांबून, आणि कोट म्हणजे नुसती जाळी मारलीय. ब्रश भरभर आडवा, भरभर उभा, की झालं. छापून आल्यावर तिन्ही कोट सारखेच दिसतात, कारण पट्टी मूळ आकाराच्या निम्म्याहून लहान होते. मूळ कागद दीड फुटाहून लांब आहे, त्यावर मात्र तो माणूस किती वाजेपर्यंत जागा होता तेसुद्धा दिसतं.

आणखी एक. बॅरीने १९६१ मध्ये विल्सन मॅकॉयच्या मृत्यूनंतर वेताळ हाती घेतला आणि १९९४ पर्यंत चालवला. इतकी वर्षं एकटा माणूस हे करू शकत नाही. त्याचे मदतनीस होते, जॉर्ज ओलेसेन त्यातला मोठा. पेन्सिल एकाची, शाई दुसऱ्याची, सही बॅरीची. तेव्हा 'साय बॅरीचं चित्र' म्हणून विकत घेताना 'साय बॅरीच्या टेबलावरचं चित्र' एवढंच समजायचं. तिसऱ्या चौकटीतली जाळी कोणाची आहे हे मी बरीच वर्षं ओळखायचा प्रयत्न करतोय.

आणि गंमत म्हणजे, माझी पहिली चौकट इंद्रजालमध्ये बहुधा आलीच नसेल. रोजच्या पट्टीची पहिली चौकट कालची गोष्ट थोडक्यात सांगायची असते. पुस्तक जुळवताना त्या पहिल्यांदा उडवतात.

तुमचा फोनवाला मॅन्ड्रेक न्या. फोनवर बोलणारा माणूस तीन चौकटींत तीन वेगळ्या तऱ्हेने बसवणं सोपं नसतं.

---

भावताव

सगळे भावनिक झालेत, म्हणून थोडा व्यवहार. जानेवारी २०२२ मध्ये मार्व्हलच्या सीक्रेट वॉर्स अंक ८ चं एक पान, माइक झेकने काढलेलं, ३३ लाख ६० हजार डॉलरला गेलं. एक पान! स्पायडरमॅनचा काळा पोशाख कुठून आला हे त्यात दिसतं म्हणून. २०१४ मध्ये हल्क अंक १८० चं शेवटचं पान, जिथे वुल्व्हरिन पहिल्यांदा दिसतो, ६ लाख ५७ हजारांना गेलं होतं. म्हणजे काय निवडायचं ते उघड आहे : पात्राचं पहिलं दर्शन. टेलिफोन आणि ओव्हरकोट सोडा.

---

कवटीगुहेकर

@भावताव, तुमचं म्हणणं बरोबर आहे, फक्त माझ्याकडे ३३ लाख डॉलर आणि वुल्व्हरिन, दोन्ही नाहीत. आणि प्रश्न कोणतं विकू असा नसून कोणतं रोज बघू असा आहे. तसं स्पायडरमॅनचं पहिलंच दर्शन ज्यात आहे, त्या १९६२ च्या अंकातली स्टीव्ह डिटकोने काढलेली सगळी २४ पानं कोणा माणसाने २००८ मध्ये नाव न सांगता लायब्ररी ऑफ काँग्रेसला देऊन टाकली. तोही आपल्यातलाच संग्राहक असणार. त्याने कसं निवडलं असेल ते मला ऐकायला आवडेल.

---

लाइनब्लॉक

मी या संकेतस्थळावर वाचतो जास्त, लिहितो कमी. पण हा विषय माझ्या हातातला आहे म्हणून लिहितो. टायपिंगला वेळ लागतो, चुका सांभाळून घ्या.

मी संग्राहक नाही. मी प्रोसेस कॅमेरामन होतो. आधी गिरगावातल्या एका छापखान्यासाठी झिंकचे ब्लॉक (चित्र छापायचे धातूचे ठसे), पुढे ऑफसेट आल्यावर निगेटिव्ह आणि प्लेटा. चित्रकाराचं आर्टवर्क आलं की ते काचेखाली दाबून बसवायचं, दोन्ही बाजूंनी दिवे मारायचे, किती टक्के लहान करायचं तो हिशोब करून कॅमेरा पुढेमागे सरकवायचा. लाइनच्या कामात कॅमेऱ्याला दोनच गोष्टी कळतात, काळं आणि पांढरं. मधलं काही नाही. ऑर्थो फिल्म लाल दिव्याखाली हाताळतात, कारण तिला लाल दिसत नाही. म्हणजे कागदावरचं लाल तिच्या लेखी काळंच. उलट फिकी निळी पेन्सिल तिला पांढऱ्या कागदासारखी वाटते. म्हणून सूचना निळ्याने लिहायच्या. 'येथे जाहिरात', 'मिशी बारीक करा', 'उद्या सकाळी हवे', सगळं चित्राच्या अंगावर लिहिलेलं असायचं आणि छपाईत काही उमटायचं नाही.

काम झालं की आर्टवर्क संपादकांकडे परत. चित्रकार मागायचे नाहीत, त्यांना मानधनाची काळजी. ते कागद माळ्यावर जायचे आणि दिवाळीनंतर रद्दीत. मी व्यवस्थापकांना विचारून काही ठेवून घेतले. ते म्हणाले, ने, तेवढीच जागा होईल.

माझं लाडकं एकच आहे आणि ते निवडायला मला विचार करावा लागत नाही.

सत्तरच्या दशकातल्या एका मुलांच्या दिवाळी अंकातली चित्रकथा. टपालाची पिशवी घेऊन घाट उतरणारा हरकारा. एका पानावर सहा चौकटी. चित्रकाराचं नाव सांगत नाही, घरचे लोक आहेत. रात्री उशिरा ते स्वतः आर्टवर्क घेऊन आले, मागोमाग संपादक. संपादकांनी पान बघितलं आणि म्हणाले, "अहो, मजकुरात अमावस्येची रात्र आहे. तुम्ही तर झाडांच्या सावल्या पाडल्यात." खरंच, सगळीकडे लख्ख ऊन. फॉर्म सकाळी मशीनवर चढायचा होता.

चित्रकार एक शब्द बोलले नाहीत. माझ्या टेबलावर पान ठेवलं, पोस्टर व्हाइटने जमिनीवरच्या सावल्या मारल्या, आणि आभाळ काळं करायला घेतलं. झाडाच्या पानापानाच्या कडेने ब्रश फिरवत. हरकाऱ्याच्या पागोट्याभोवती केसाइतकी पांढरी कड सोडत, नाहीतर माणूस अंधारात बुडाला असता. शाई वाळली की अर्ध्या ब्लेडने खरवडून चांदण्या. पहिल्या दोन चौकटी झाल्या, तिसरी निम्मी झाली आणि शाईची बाटली संपली. रात्री अकरा वाजता गिरगावात ड्रॉइंगची शाई कुठून आणणार?

मी म्हटलं, "साहेब, ओपेक चालेल?" ओपेक म्हणजे निगेटिव्हवरची टाचणीएवढी भोकं बुजवायचा रंग. आमच्याकडचा विटकरी लाल होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि हसले. त्यांना लगेच कळलं. फिल्मला लाल काळंच दिसणार.

तेव्हा पानाची अवस्था अशी : दोन चौकटींतलं आभाळ काळंभोर, तिसऱ्यातलं मधूनच तुटलेलं, डावीकडे काळं, उजवीकडे विटकरी, आणि खालच्या तिन्ही चौकटींत विटकरी आभाळात पांढऱ्या चांदण्या. अंकात मात्र सहाही चौकटींत गडद अमावस्या. अंक माझ्याकडे आहे, शेजारी शेजारी ठेवून दाखवतो मी लोकांना. पाहुणे विचारतात, सूर्य मावळतोय का?

बंड्या यांनी तिसऱ्या चौकटीतल्या जाळीबद्दल लिहिलंय ते वाचून बरं वाटलं. मूळ चित्र घ्यायचं ते त्यासाठी. चित्र छान आहे म्हणून घ्यायचं तर अंक पुरतो, छपाई चांगली असेल तर अंकात ते जास्तच छान दिसतं. आम्ही त्यासाठीच पगार घ्यायचो. कॅमेऱ्याने जे गाळलं ते ज्या पानावर जास्त शिल्लक आहे, ते पान निवडा. कवटीगुहेकर, तुमच्या घोडेस्वारांच्या पानाची मागची बाजू बघितलीत का? मागे बरंच काही लिहिलेलं असतं. आणि पान उजेडाशी तिरकं धरून पाहा, पांढरा रंग किती जाड आहे ते कळेल. नदीचं पाणी आहे म्हणता, म्हणजे पांढरा भरपूर असणार.

---

एडिसनचा बंड्या

काका, दंडवत. विटकरी अमावस्या!! फोटो टाकाच. आणि हे सगळं कुठेतरी सविस्तर लिहा हो, ब्लॉकवाल्यांच्या बाजूने कोणी लिहिलेलं नाही.

---

ब्रसेल्सची माई

काका, तुमच्या निळ्या पेन्सिलीवरून माझं लाडकं चित्र सांगते, कारण त्याचं सगळं रहस्य त्याच निळ्यात आहे.

मी नोकरीनिमित्त बेल्जियममध्ये आहे. इकडे कॉमिक्स म्हणजे पोरखेळ नाही. ब्रसेल्समध्ये व्हिक्टर होर्ताने बांधलेल्या जुन्या कापडाच्या वखारीत १९८९ पासून कॉमिक्सचं संग्रहालय आहे, आणि लूव्हँ-ला-नव्हला २००९ पासून एकट्या हर्जेचं, म्हणजे टिनटिनवाल्याचं. तिथे मूळ पानं बघताना पहिल्यांदा धक्का बसतो तो हा की टिनटिनच्या पानांना रंगच नाही. नुसती शाई. कारण रंग दुसऱ्याच कागदावर असतो. काळ्या रेषेचं चित्र फिक्या निळ्यात एका जाड कागदावर छापून घेतात, त्यावर गुआशने (अपारदर्शक जलरंगाने) किंवा साध्या जलरंगाने रंग भरतात, आणि काळी रेषा पारदर्शक फिल्मवर वेगळी. कॅमेरा निळं गाळतो, मग रंग आणि रेषा छपाईत एकत्र येतात. काकांना हे नवीन नसेलच.

त्यामुळे इथल्या बाजारात दोन वस्तू फिरतात. शाईचं पान राजासारखं, लिलावात मिरवणारं. आणि रंगाचा कागद, त्याला कोणी विचारत नाही, कारण तो बहुतेक वेळा चित्रकाराच्या हातचा नसतो. तो स्टुडिओतल्या कोणातरी रंगकर्मीचा, आणि ती कोणीतरी बहुतेक बाई असायची, जिचं नाव आल्बमवर छापलेलंच नसायचं.

माझ्याकडे असा एक रंगाचा कागद आहे, साठच्या दशकातल्या एका घोड्यांच्या, बंदुकांच्या गोष्टीचा. रेषेची फिल्म हरवलेली, म्हणून स्वस्त मिळाला. निळी रेषा इतकी फिकट झालीय की लांबून फक्त रंगाचे डाग दिसतात. गेरूचा डोंगर, त्यावर जांभळट सावली, आणि चेहऱ्याच्या जागी पीचच्या रंगाचा थेंब, नाक नाही, डोळे नाहीत. कडेला समासात तिने ब्रश तपासलाय : गेरू, गेरूत थोडा निळा, जरा जास्त निळा, आणि मग तोच बरोबर निघालेला जांभळट, ज्याखाली छोटीशी बरोबरची खूण. ही खूण मला फार आवडते. मनाशीच केलेली आहे ती.

मैत्रिणी म्हणतात, हे अपुरं आहे. असेना.

@भावताव, तुमच्यासाठी एक : टिनटिनच्या 'ब्लू लोटस'साठी हर्जेने १९३६ मध्ये एक मुखपृष्ठ रंगवलं, लाल ड्रॅगन, काळी पार्श्वभूमी. प्रकाशकाला ते छापणं परवडेना, इतके रंग होते. म्हणून नाकारलं. लिलाववाल्यांनी सांगितलेली हकीकत अशी की ते प्रकाशकाच्या लहान मुलाला मिळालं, त्याने घडी घालून खणात ठेवलं. २०२१ मध्ये घड्यांसकट ते ३१ लाख युरोच्या वर गेलं. तुमच्या नियमात पात्राचं पहिलं दर्शन बसतं, 'छपाईचा खर्च जास्त' कुठे बसवता?

---

भावताव

माई, ते टिनटिन आहे म्हणून बसतं. तुमचा बिननाकाचा काउबॉय ३१ लाखांना गेला की कळवा. :)

---

शंभूची टोपी

माझ्याकडे एकही मूळ चित्र नाही, त्यामुळे खरं तर लिहायचा अधिकार नाही. पण कोणी देत असेल तर मला टिंकलमधलं शिकारी शंभूचं एक पान हवंय, वसंत हळबे यांच्या हातचं. शंभूचे डोळे कायम टोपीखाली. मला एवढंच बघायचंय की पेन्सिलीने आधी डोळे काढून मग वर टोपी चढवली होती, की तिथे कागद कोराच होता. काका, कोरा असेल का हो?

---

लाइनब्लॉक

शंभूची टोपी, हळब्यांचं पान माझ्या हातून गेलेलं नाही, तेव्हा छातीठोक सांगता येणार नाही. पण चांगला चित्रकार आधी डोकं काढतो, त्यावर टोपी बसवतो. नाहीतर टोपी तरंगते. डोळ्यांची आडवी रेघ तरी असणारच, डोळे असोत नसोत. पेन्सिल शाईनंतर खोडून टाकतात, पण दाब राहतो कागदावर. तिरक्या उजेडात दिसेल.

माई, तुमच्या बाईंची ती बरोबरची खूण वाचली. आमच्याकडे रंगाची सूचना चित्रावर बटर पेपर लावून त्यावर पेन्सिलीने लिहायचे : 'लुगडे हिरवे, काठ ला.', 'आभाळ २० टक्के'. ते बटर पेपर तर आम्ही सगळेच फेकले. त्याला डबे पुसले.

---

एडिसनचा बंड्या

सहीबद्दल थोडं, कारण कोणीतरी नवखा हा धागा वाचून खरेदीला निघेल. बिनसहीचं पान घ्या, पण अमक्याचं आहे असं सांगून जास्त पैसे मागत असेल तर थांबा. माझ्या अनुभवात खोट्या पट्ट्या फसतात त्या कडेला. खऱ्या पट्टीवर छपाईची तारीख हाताने घातलेली असते, महिना आणि दिवस, शिवाय या पट्ट्या वर्तमानपत्रांना पुरवणाऱ्या किंग फीचर्स कंपनीच्या हक्काची छापील चिकटपट्टी. तिच्या खालचा गोंद पिवळा पडलेला असतो. नकलाकार वेताळाचा चेहरा मन लावून काढतो, आणि तारीख सुंदर अक्षरात लिहितो. खऱ्या पट्टीवरची तारीख कोणीही सुंदर अक्षरात लिहीत नाही. दुसरं, काळ्याकुट्ट जागा. ब्रशने भरलेल्या काळ्यात फटकारे दिसतात, कुठे दाट, कुठे राखाडी. झेरॉक्सचं काळं सपाट आणि किंचित चमकणारं. आणि स्केचपेनचं काळं काही वर्षांनी जांभळं-तपकिरी होतं, ते जुन्या पट्टीत दिसलं तर विक्रेत्याला नमस्कार करून निघा.

---

कवटीगुहेकर

काका, तुम्ही म्हणालात तसं केलं. घोडेस्वारांचं पान रात्री टेबललॅम्पखाली तिरकं धरलं.

नदीचं पाणी अख्खं पोस्टर व्हाइटमध्ये आहे, आणि इतकं जाड की लाटांना खरोखरची उंची आहे. खाली आधी कोरडा माळ होता! गवताच्या काड्या स्पष्ट दिसतात, घोड्याच्या पोटाखालून जाणाऱ्या. म्हणजे हे स्वार आधी माळावरून दौडत होते आणि कोणीतरी सांगितल्यावर यांना नदीत घातलं. त्यामुळेच पाय गुडघ्यापर्यंत बुडालेत ते इतके नीट कापल्यासारखे दिसतात. इतकी वर्षं मला वाटायचं, काय धाडसी रचना आहे! मागच्या बाजूला निळ्यात '७०%', एक पुसट शिक्का, आणि पेन्सिलीने चहाचा हिशोब : तीन स्पेशल, दोन साधे.

यानंतर खरं तर हेच पान न्यायला हवं. पण पांढऱ्याला दोन ठिकाणी बारीक भेगा आहेत. कोचीत हे टिकेल का?

---

लाइनब्लॉक

नाही. अजिबात नेऊ नका. पोस्टर कलर पाण्यात विरघळणारा असतो, दमट हवेत फुगतो, उन्हाळ्यात आकसतो, आणि एक दिवस तुमची नदी पापुद्र्यांनी खाली फ्रेममध्ये जमा होईल. ते पान पुण्यात आडवंच ठेवा, उभं टांगू नका. माझा हरकारा मी याच कारणासाठी मुंबईत भिंतीवर लावलेला नाही, ओपेकही तसलंच. वॉटरप्रूफ शाई आणि दुरुस्त्या कमी, असं पान न्या.

---

कवटीगुहेकर

मग निकाल लागला. सिंहासनवाल्या पट्टीत वेताळाच्या पायाशी बरंच पांढरं आहे आणि एका चौकटीवर दुसरा कागद चिकटवलेला. मॅन्ड्रेकच्या पट्टीत मात्र एकही दुरुस्ती नाही. तीन चौकटी, एक फोन, सरळ शाई. फ्रेडरिक्सचा हात काय स्वच्छ होता! डिपॉझिट वाचवणाऱ्या उमेदवारासारखा हा निवडून आलाय, पण आलाय. बायकोला सांगितलं, ती म्हणाली, "टेलिफोन खातं कोचीला चाललं तर."

फ्रेम कशी करू? इथल्या फ्रेमवाल्याने काच थेट कागदावर ठेवून मागे प्लायवूड ठोकायचं म्हटलंय. आणि लॅमिनेशन करून देऊ का, असंही विचारलं.

---

लाइनब्लॉक

लॅमिनेशन शब्द काढला त्या दुकानात परत जाऊ नका.

काच कागदाला टेकता कामा नये, मध्ये माउंटबोर्डची कड हवी, आम्लमुक्त मिळतो तो घ्या. टेकली तर दमट हवेत शाई काचेला चिकटते. मागे प्लायवूड नको, त्यातला गोंद आणि लाकूड दोन्ही कागद पिवळा करतात. सेलोटेप कुठेही नको, कागद बिजागरीसारखा वरच्या कडेला जपानी कागदाच्या पट्टीने आणि खळीने अडकवा. काच अतिनील किरणं अडवणारी मिळाली तर उत्तम, न मिळाली तर ऊन पडत नाही अशी भिंत बघा. आणि भिंत आतली हवी, दोन खोल्यांमधली. बाहेरच्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते. फ्रेमच्या मागच्या चारी कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावा म्हणजे हवा खेळती राहील.

दर पावसाळ्यानंतर एकदा उतरवून मागची बाजू बघायची. कसर लागली तर आधी खळीला लागते.

---

ब्रसेल्सची माई

जपानी कागद पुण्यात कुठे मिळतो हे कोणी सांगू शकेल का? आईच्या घरी दोन हास्यचित्रं आहेत, सेलोटेपने लावलेली, पुढच्या महिन्यात येतेय तेव्हा सोडवायची आहेत. टेप काढू कशी, की तशीच राहू देऊ?